संगणक ते रिसीव्हर: आवाज कुठे अडतो?

• एचडीएमआय (२००२): चित्र आणि आवाज एकाच केबलमधून. केबल रिसीव्हरच्या ‘इन’ पोर्टमध्ये हवी, ‘आउट’ टीव्हीसाठी. जोडणी होताच रिसीव्हर आपल्याला कोणते ध्वनिप्रकार चालतात, ते संगणकाला कळवतो. त्या वेळी तो बंद असला, तर विंडोजच्या आउटपुट यादीत त्याचे नाव अनेकदा दिसतच नाही. म्हणून आधी रिसीव्हर, मग संगणक सुरू करावा. नाव दिसले तरी ते निवडावे लागते. हेच सर्वांत आधी तपासावे.

• ऑप्टिकल (तोशिबा, १९८३): दोन चॅनलचा पीसीएम किंवा कॉम्प्रेस केलेला ५.१ आवाज. डॉल्बी ट्रूएचडी यातून जात नाही.

• ३.५ मिमी ते आरसीए: ॲनालॉग, फक्त स्टिरिओ. ‘फोनो’ इनपुट रेकॉर्ड प्लेअरचे. तिथे जोडल्यास आवाज फाटतो.

• सततची घरघर: बहुधा ग्राउंड लूप, म्हणजे अर्थिंग आणि केबल मिळून तयार झालेले विजेचे वर्तुळ. भारतात वीजपुरवठा ५० हर्ट्झचा, त्यामुळे घरघर ५० किंवा १०० हर्ट्झची. ऑप्टिकल केबलमधून वीज वाहत नाही. ॲनालॉगऐवजी ती वापरल्यास त्या जोडणीतला लूप तुटतो. घरघर घालवण्यासाठी प्लगची अर्थिंग पिन मात्र कधीही काढू नये. शॉक लागून जीव जाऊ शकतो.