एका यादींतील नाना वस्तु

गेल्या वर्षीं आमच्या शाळेच्या ग्रंथालयांत एक लहानसा प्रसंग घडला. एक जुना नकाशा एका विद्यार्थ्यानें घरीं नेला व १४ दिवसांनीं परत आणला, तेव्हां तो घडीवर फाटलेला आढळला. नकाशे ग्रंथालयाबाहेर नेऊं नयेत असा नियम असल्यामुळें आम्हीं त्या मुलास चारचौघांत बोल लावला. "सर, संगणकानेंच १४ दिवसांची मुदत दाखविली," एवढेंच तो पुनःपुन्हां सांगत होता. चौकशीअंतीं त्याचें म्हणणें अक्षरशः खरें ठरलें. तें कसें, हें विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस समजावें म्हणून हा लेखनप्रपंच.

ग्रंथालयाची यादी आमच्याच विद्यार्थ्यांनीं पायथन या भाषेंत तयार केली होती. तिची रचना 'ऑब्जेक्ट'-पद्धतीची होती. या पद्धतीचा उगम नॉर्वे देशांत झाला. ओस्लो येथें ओले-योहान डाल व क्रिस्टन न्यूगॉर या दोघां विद्वानांनीं रचलेल्या 'सिम्युला ६७' या भाषेंत 'क्लास' ही कल्पना प्रथम अवतरली. क्लास म्हणजे साचा, व ऑब्जेक्ट म्हणजे त्या साच्यांतून निघालेली वस्तु. एका साच्यांतून जशा अनेक विटा पाडतां येतात, तसे एका क्लासपासून अनेक ऑब्जेक्ट होतात. विशेष हा कीं, अशा वस्तूजवळ आपली माहिती तर असतेच, पण कसें वागावें हेंहि तिला आपल्या साच्यापासून लाभलेलें असतें.

आमच्या विद्यार्थ्यांनीं 'वस्तु' हा मूळ क्लास करून त्यापासून पुस्तक, मासिक व नकाशा असे तीन पोटक्लास केले. "तुझी मुदत किती दिवस?" असें विचारलें असतां पुस्तक १४ म्हणे, मासिक ७ म्हणे, आणि नकाशा शून्य म्हणे. मूळ क्लासचें उत्तर मात्र १४ असेंच होतें.

आतां या निरनिराळ्या वस्तु एकाच यादींत कशा मावतात? ग्रंथालयाच्या कपाटांतील लहान खणांत सारख्या आकाराचीं कार्डें असतात. पुस्तक जाडें असो वा नकाशा लांबरुंद असो, कार्डावर फक्त त्याचा ठावठिकाणा असतो. पायथनची यादीहि तशीच आहे. तिच्यांत वस्तु नसून वस्तूंचे पत्ते असतात. म्हणून कोणत्याहि प्रकारच्या वस्तु तिच्यांत सुखानें नांदतात. जावा या भाषेंत २००४ सालच्या पांचव्या आवृत्तीपासून यादीस प्रकाराचें बंधन घालण्याची सोय झाली. परंतु तेथेंहि मूळ क्लासचें नांव दिल्यास त्याचे सर्व पोटक्लास त्या यादींत सामावतात.

येथवर सर्व यथास्थित होतें. अडचण आली ती यादी जतन करतांना. संगणक बंद होतांच स्मृतींतील पत्ते निरर्थक होतात. म्हणून प्रत्येक वस्तूची माहिती फाईलींत लिहून ठेवावी लागते. मुलांनीं त्यासाठीं 'जेसन' ही मांडणी निवडली. तिला संख्या, अक्षरें, खरें-खोटें, रिकामी जागा, याद्या व नांवासह दिलेल्या किमती एवढेंच कळतें; 'नकाशा' म्हणजे काय हें तिला ठाऊक नाहीं. मुलांनीं प्रत्येक वस्तूचें नांव व क्रमांक तेवढा लिहिला. प्रकार लिहावयाचा राहिला. दुसऱ्या दिवशीं प्रोग्रामनें फाईल वाचून सर्वच वस्तु मूळ साच्यांतून काढल्या. नकाशाचें नांव तेंच राहिलें, पण त्याचा स्वभाव गेला. आणि त्यानें १४ दिवस असें उत्तर दिलें.

यावर उपाय साधा आहे. प्रत्येक नोंदीबरोबर तिचा प्रकार लिहावा. वाचतांना प्रथम तो पाहून योग्य साचा निवडावा. आणि अपरिचित प्रकार आढळल्यास तर्क न लढवितां थांबून तसें कळवावें. पायथनमध्यें 'पिकल', म्हणजे लोणचें, या नांवाची एक सोय आहे; ती क्लासचें नांव आपण होऊन लिहिते. परंतु ती साचा स्वतः सांठवीत नाहीं, केवळ त्याचें नांव सांठविते. म्हणून पुढें क्लासचें नांव बदलल्यास जुनी बरणी सहसा उघडत नाहीं. शिवाय अशा फाईलींत दडविलेली घातक आज्ञा ती उघडतांच अमलांत येऊं शकते. म्हणून परक्याची बरणी कधींहि उघडूं नये.

आम्हीं त्या विद्यार्थ्याची वर्गासमक्ष क्षमा मागितली. यादींत 'प्रकार' हा नवा रकाना त्यानेंच घातला, व फाटलेला नकाशा मागें कापड लावून पूर्ववत् ठेवण्यांत आला. पालकांस आमची एवढीच विनंति आहे कीं, मुलानें असा प्रोग्राम मोठ्या हौसेनें दाखविला म्हणजे त्याचें कौतुक तर करावेंच, पण एक प्रश्नहि विचारावा: "बाळ, हा बंद करून पुन्हां उघडलास, तर यांतील प्रत्येक वस्तु जी होती तीच राहते का?"