नोंद माणसांची आणि नोंद नात्यांची



मराठीच्या एका निवृत्त प्राध्यापकाने स्मृतिव्याख्यानासाठी 'ग्राफ डेटाबेस' हा विषय निवडावा, याचे आपणांपैकी अनेकांना नवल वाटले असेल. संयोजकांनीही मला दोनदा विचारून खात्री करून घेतली. परंतु हा विषय मला सुचला तो संगणकामुळे नव्हे. ज्यांच्या स्मृत्यर्थ आपण येथे जमलो आहोत, त्या आपल्या सरांमुळे सुचला.

शाळेचे जनरल रजिस्टर आपणांस ठाऊक आहे. प्रत्येक विद्यार्थ्यास एक ओळ : अनुक्रमांक, नाव, जन्मतारीख, पूर्वीची शाळा, दाखल झाल्याची तारीख, शाळा सोडल्याचे कारण. सरांनी सुवाच्य अक्षरात लिहिलेले ते रजिस्टर आजही कार्यालयात सुस्थितीत आहे. परंतु सरांच्या मनात दुसरेही एक रजिस्टर होते. कोकणातून आणि देशावरून बडोद्यास शिकावयास आलेल्या गरीब मुलांचे वार लावून देण्याचे काम ते करीत. सोमवारी या घरी जेवायचे, मंगळवारी त्या घरी. माझ्या शालेय वयात ही पद्धत मावळत आली होती. तरी माझ्या वर्गातील एक मुलगा सात घरी जेवून मॅट्रिक झाला. कोणत्या मुलाचा कोणता वार कोणत्या घरी आणि कोणते घर कोणाच्या शब्दावरून तयार झाले, हे सरांना तोंडपाठ असे. सर गेले, रजिस्टर राहिले. गेल्या वर्षी त्या घरांचे ऋण जाहीरपणे मानावे असे माजी विद्यार्थ्यांच्या मनात आले, तेव्हा रजिस्टरात त्यांपैकी एकाही घराचे नाव सापडले नाही. माणसांची नोंद होती, नात्यांची नव्हती.

या दोन नोंदींतील भेद हाच आजच्या व्याख्यानाचा विषय आहे.

संगणकावर माहिती साठविण्याची जी पद्धत गेली अनेक दशके सर्वत्र रूढ आहे, तिचा पाया एडगर कॉड या शास्त्रज्ञाने 1970 साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात घातला. तिला 'रिलेशनल' म्हणतात. भाषेच्या अभ्यासकाने येथे क्षणभर थांबावे. या नावातील 'रिलेशन' म्हणजे माणसामाणसांतील नाते नव्हे. ती गणितातील संज्ञा आहे आणि व्यवहारात तिचा अर्थ होतो तक्ता. आडव्या ओळी आणि उभे रकाने, म्हणजे आपले रजिस्टरच. बँकेची खाती, विजेची बिले, परीक्षांचे निकाल या पद्धतीने चोख राहतात.

आता सरांचे वार या तक्त्यात बसवून पाहा. एका मुलास सात घरे आणि एका घरी तीन-चार मुले. एका रकान्यात हे मावत नाही. म्हणून एक तक्ता मुलांचा, दुसरा घरांचा आणि दोहोंना सांधणारा तिसरा तक्ता वारांचा करावा लागतो. मग कोणी विचारले, "अमक्याबरोबर मंगळवारी एका पंक्तीला कोण बसत असे, आणि त्या मुलांचे इतर वार कोणाच्या घरी होते?" तर हे तक्ते पुनःपुन्हा एकमेकांशी ताडून पाहावे लागतात. उत्तर मिळते; परंतु प्रश्न जितका एकेक पाऊल पुढे जातो, तितके हे ताडून पाहणे वाढत जाते आणि प्रश्नाची मांडणीही अवघड होत जाते.

ग्राफ डेटाबेसात नाते हेच नोंदीचे एक स्वतंत्र अंग मानले जाते. येथे 'ग्राफ' म्हणजे शाळेत चौकटीच्या कागदावर आपण काढीत असू तो आलेख नव्हे. येथे ग्राफ म्हणजे जाळे. त्यातील प्रत्येक वस्तू वा व्यक्ती ही एक गाठ, आणि दोन गाठींना जोडणारा तो दुवा. या विचाराचे मूळ फार जुने आहे. प्रशियातील कोनिग्सबर्ग शहरात, म्हणजे आजच्या रशियातील कालिनिनग्राडमध्ये, प्रेगेल नदीवर सात पूल होते. प्रत्येक पूल एकदाच ओलांडून सर्व पुलांवरून फिरून येता येईल काय, असा प्रश्न तेथे विचारला जाई. लिओनार्ड ऑयलर या गणितज्ञाने 1735 साली सिद्ध केले की ते अशक्य आहे. पुलांची लांबी, रस्त्यांची वळणे, इमारती हे सर्व त्याने बाजूस सारले. जमिनीचे चार तुकडे आणि त्यांना जोडणारे सात पूल, एवढेच त्याने विचारात घेतले. काय कशाशी जोडलेले आहे, एवढ्यावरूनच उत्तर निघते, हे त्याने दाखवून दिले.

संगणकातील आजच्या ग्राफ डेटाबेसात गाठीप्रमाणेच दुव्यालाही नाव, दिशा आणि गुणधर्म असतात. 'वार' हे दुव्याचे नाव. तो विद्यार्थ्याकडून घराकडे जातो. 'मंगळवार' हा त्याचा गुणधर्म. या प्रकारातील काही डेटाबेसांत प्रत्येक गाठीपाशीच तिच्या दुव्यांचा पत्ता ठेवलेला असतो. त्यामुळे सुरुवातीची गाठ सापडली की एका गाठीवरून दुसरीकडे जाण्यासाठी सारा साठा धुंडाळावा लागत नाही. स्वीडनमध्ये जन्मलेली निओफोरजे ही त्यांपैकी सर्वपरिचित प्रणाली. तिच्या सायफर या भाषेत प्रश्न जणू चित्र काढून विचारला जातो. आपला प्रश्न साधारणतः असा दिसेल :

(विद्यार्थी) –[वार : मंगळवार]→ (घर) ←[वार : मंगळवार]– (दुसरा विद्यार्थी)

कंसात गाठी आणि बाणावर दुवा. या आकृतीशी जुळणारे जाळ्यातील सर्व भाग संगणक शोधून देतो. अशा प्रश्नांसाठी जीक्यूएल ही प्रमाणभाषा आयएसओ या आंतरराष्ट्रीय संस्थेने एप्रिल 2024 मध्ये प्रसिद्ध केली.

या पद्धतीचे सामर्थ्य जगाने पाहिले ते 2016 साली. पनामातील मोसॅक फोन्सेका या कायदेविषयक संस्थेची सुमारे 1 कोटी 15 लाख कागदपत्रे पत्रकारांच्या हाती आली. त्यांत दोन लाखांहून अधिक कंपन्यांचे तपशील होते. एकेक कागद वाचून फारसे काही कळण्यासारखे नव्हते. कारण लपविलेली गोष्ट कागदात नव्हती, कागदांच्या मधोमध होती. ही कंपनी कोणाची, तिचा संचालक आणखी कोठे संचालक, त्याच पत्त्यावर दुसरी कोणती कंपनी? शोधपत्रकारांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने व्यक्ती, कंपन्या आणि पत्ते यांच्या गाठी करून त्यांचे जाळे निओफोरजेमध्ये मांडले. मग संगणकाचे शास्त्र न शिकलेले पत्रकारही पडद्यावर एका गाठीवरून दुसरीकडे जाऊ लागले. त्याच वर्षी त्या जाळ्याचा काही भाग सर्वांसाठी खुला झाला. मात्र नाव यादीत असणे म्हणजे गुन्हा सिद्ध होणे नव्हे, असा इशाराही त्यासोबत देण्यात आला. दुवा हा पुरावा नव्हे. पुरावा कोठे शोधावा, हे सांगणारे ते बोट आहे.

हा इशारा मला स्वतःच्या घरी अनुभवास आला. जुन्या मराठी कवींवर आणि पोथ्यांवर मी उभ्या आयुष्यात हजारो कार्डे केली आणि ती नावांच्या अकारविल्हे लावून खोक्यांत ठेवली. परस्परसंबंध मात्र मनात ठेवले. आता वयोमानाने मन दगा देऊ लागले, म्हणून संगणकक्षेत्रात काम करणाऱ्या माझ्या नातीने सुटीत त्यांपैकी काहीशे कार्डे अशा जाळ्यात भरली. दुसऱ्याच दिवशी तिने विचारले, "आजोबा, हा माणूस तीनशे वर्षे जगला का?" ज्ञानदेवांच्या समकालीन नामदेवांची आणि ओवीबद्ध महाभारत रचणाऱ्या सोळाव्या शतकातील विष्णुदास नामा यांची कार्डे 'नामा' या एकाच गाठीत बांधली गेली होती. या दोघांच्या अभंगांची सरमिसळ गाथेतही झालेली आहे. यंत्राने केवळ आपला जुना घोटाळा नव्याने केला. एक गाठ चुकली की तिच्यातून जाणारी प्रत्येक वाट खोटी पडते.

दुसरी गोष्ट 'पंढरपूर' या गाठीची. यच्चयावत वारकरी संत तिला जोडलेले. त्यामुळे तिच्यामार्गे कोणीही कोणापासून दोनच पावलांवर येतो. जो दुवा सर्वांनाच लागू पडतो, तो कोणाविषयीच काही सांगत नाही. शिवाय अशा गाठीपाशी दुव्यांची इतकी गर्दी होते की यंत्राचाही वेग मंदावतो.

परंतु मला खरा चटका लावला तो तिसऱ्या गोष्टीने. नात एकेका दुव्याचा आधार विचारू लागली. कित्येक कार्डांवर मी तारुण्यातील आत्मविश्वासाने लिहिले होते, 'संबंध उघड आहे.' तो कशावरून उघड होता, हे आज मलाच सांगता येईना. ग्राफ डेटाबेसात दुव्यास गुणधर्म देता येतात, हे मघाशी सांगितले. आधार कोणता, केव्हाचा, खात्री किती, हे सारे तेथे लिहिता येते. ती जागा मी माझ्या कार्डांवर ठेवलीच नव्हती. ते दुवे आम्ही खोडले नाहीत. त्यांपुढे 'आधार अज्ञात' असे लिहिले.

यावरून तक्त्यांचे दिवस संपले असे कोणी समजू नये. शाळेत एकंदर मुले किती, फी किती जमली, असे प्रश्न असतील तेथे रजिस्टरच उत्तम. कोण कोणाच्या आधाराने शिकला, हा प्रश्न असेल तेथे मात्र जाळे हवे. ते भरण्याचे काम यंत्र करू शकत नाही. ज्यांना आठवते, त्यांनीच ते करावयाचे आहे, आणि असे लोक दरवर्षी कमी होत आहेत.

म्हणून माझी विनंती आहे. सभागृहाच्या दाराशी कोरी कार्डे ठेवली आहेत. प्रत्येकावर पाचच गोष्टी लिहावयाच्या : एक नाव, दुसरे नाव, त्यांचे नाते, काळ, आणि हे आपणांस कशावरून ठाऊक. पहिली सहा कार्डे मी घरूनच भरून आणली आहेत. सात घरी जेवून मॅट्रिक झालेल्या त्या माझ्या वर्गमित्राची ती आहेत. त्याचा गुरुवार आमच्या घरी असे; त्या कार्डावर आधार म्हणून 'स्वतः पाहिले' असे लिहिले आहे. उरलेल्या पाच घरांच्या कार्डांवर आधार आहे 'त्याच्या तोंडून ऐकले'. त्याचा रविवार कोणाच्या घरी होता, हे मला आठवत नाही. सातवे कार्ड तेवढे कोरे ठेवले आहे. आपणांपैकी कोणास ठाऊक असेल, तर त्यांनी ते कृपया भरावे.