मज्जारज्जूचा आघात आणि रक्षक पेशींचे दुहेरी कार्य

साखर कारखान्यांचे गाळप सुरू झाले की बारामती व इंदापूर तालुक्यांतील रस्त्यांवर उसाच्या ट्रॉल्या, बैलगाड्या आणि त्यांतून वाट काढणाऱ्या दुचाकी यांची एकच दाटी होते. पाठीच्या कण्याला मार लागलेले रुग्ण या दिवसांत नवे नाहीत. झाडावरून वा विहिरीत पडलेले तर बारमाही.

कुकुंदर मर्मावर आघात झाल्यास अधःकायाचे स्पर्शज्ञान व चेष्टा नष्ट होतात, असे सुश्रुताचार्यांनी शारीरस्थानात सांगितले आहे. आत नेमके काय घडते, हे मात्र आता पेशींच्या पातळीवर दिसू लागले आहे. आघाताने मरतात त्याहून कितीतरी अधिक पेशी पुढील काही दिवसांत मरतात. प्रथम मज्जारज्जूतील स्थानिक मायक्रोग्लिया जागृत होतात, पहिल्या दिवसात न्यूट्रोफिल येतात, नंतर रक्तातून मॅक्रोफेज येतात. त्वचेच्या व्रणात हेच मॅक्रोफेज आधी मल साफ करतात आणि मग रोपणाकडे वळतात. मज्जारज्जूत हे वळण अपुरे राहते व शोथ महिनोन्महिने धुमसतो.

मग शोथ दाबून टाकावा काय? १९९० साली अमेरिकेतील चाचणीनंतर मेथिलप्रेडनिसोलोनची मोठी मात्रा जगभर रूढ झाली. २०१३ मध्ये तेथीलच मज्जाशल्यतज्ज्ञांच्या मार्गदर्शक सूचनांनी तिची शिफारस नाकारली. लाभ संशयास्पद, जंतुसंसर्ग व रक्तस्रावाचा धोका मात्र खरा. मल उपसणाऱ्या पेशीही हव्याच असतात.

याहून विलक्षण गोष्ट अशी, की आघात वरच्या भागात असल्यास उर्वरित शरीराची प्रतिकारशक्ती घटते. प्लीहेवरील नाडीनियंत्रण बिघडते, मूत्रमार्ग व फुप्फुसांचे संसर्ग वाढतात. एकाच देहात एकीकडे अतियोग, दुसरीकडे हीनयोग! अशा रुग्णास सरसकट ‘प्रतिकारशक्ती वाढवणारे’ औषध देणे आम्हांस शास्त्रसंमत वाटत नाही. गुडूची वा अश्वगंधेने मानवी मज्जारज्जू पुन्हा जुळतो, असा पुरावा नाही. औषधविक्रेत्या बांधवांनीही तसे सांगू नये.

ताज्या आघातात अभ्यंग, मर्दन, उठवून बसवणे पूर्ण वर्ज्य. मान व पाठ एका रेषेत ठेवून फळीवर निजवावे आणि १०८ बोलवावी. पुढे जीर्णावस्थेत स्वेदन करताना लक्षात असावे की संवेदनाहीन पायाला चटका कळत नाही; फोड दिसेपर्यंत रुग्ण तक्रार करीत नाही. गढूळ मूत्र व ज्वर असल्यास दुकानातून चूर्ण न देता तपासणीस पाठवावे.

बस्तीविषयी तर विशेष सावधगिरी हवी. वक्षाच्या सहाव्या मणक्याच्या वर आघात असलेल्या रुग्णास गुदाच्या उत्तेजनाने रक्तदाब एकाएकी धोकादायक वाढू शकतो. तीव्र शिरःशूल, चेहऱ्यावर लाली व घाम दिसताच बस्ती थांबवावा, रुग्णास बसते करावे, घट्ट कपडे सैल करावेत, मूत्रनलिका तुंबली आहे काय ते पाहावे आणि विलंब न करता रुग्णालयात हलवावे.