बंद इंजिनाचे दोन महिने

मासेमारी बंदीवर लिहा, असं संपादकांनी सांगितलं होतं. मेअखेरीला कोकणातल्या मिरकरवाडा बंदरात गेलो आणि जाळी-मासळी राहिली बाजूला, मी एका ट्रॉलरच्या इंजिन खोलीतच अडकलो. बंदीचा नियम साधा : १ जून ते ३१ जुलै, ६१ दिवस यांत्रिक नौका समुद्रात न्यायची नाही. त्या मुदतीत माशांना वीण येते आणि इंजिनाला गंज.

रोज चालणाऱ्या इंजिनाला गंजाची तेवढी भीती नसते. त्याच्या उष्णतेनं ओल टिकत नाही. ते थंडावलं की मीठ कामाला लागतं. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार. पाणी सुकलं तरी ते वायरींच्या जोडांत, नटांच्या खाचांत बसून राहतात. आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की साधं मीठ हवेतलं पाणी ओढून विरघळू लागतं, आणि जुलैत कोकणची हवा बहुतेक वेळ त्याहून दमट. थेंबभर पाणी शिरलं नाही तरी लोखंडावर खारा थर तयार!

त्या इंजिन खोलीत काम करणाऱ्या मेस्त्रींनी समुद्राचं पाणी फिरवून इंजिन थंड ठेवणाऱ्या कूलरचा पितळी प्लग फिरवून काढला. त्याच्या टोकाला जस्ताची कांडी होती, कुरतडल्यासारखी, पांढरट, नखानं भुगा होईल अशी. “ही संपली म्हणजे नळ्या वाचल्या समजायचं,” ते म्हणाले. खाऱ्या पाण्यात जस्त आणि तांबं जोडलेलं असलं की झिजतं ते जस्त. हम्फ्री डेव्हीनं १८२४मध्ये ब्रिटिश आरमाराला जहाजांच्या तांब्याच्या पत्र्यासाठी हीच युक्ती सांगितली होती. तांबं वाचलं, पण ते विरघळेनासं झाल्यावर तळाला शेवाळ आणि शिंपले बिनधास्त चिकटले. मेस्त्रींचं दुखणं वेगळंच. कांडी मिळाली नाही की लोक नुसता प्लग आवळून मोकळे होतात. नौकेच्या तळाला लावलेल्या जस्ताच्या वड्यांवर तर हौसेनं रंग मारतात. मग त्या झिजायच्या कशा?

बाकीची कामं त्यांनी भराभर सांगितली. इंजिन गरम असतानाच जुनं ऑइल काढायचं, टाकी डिझेलनं काठोकाठ भरायची, सायलेन्सरचं तोंड बुजवायचं, बॅटरी घरी न्यायची, आठवड्यातून एकदा इंजिन हातानं फिरवायचं.

खरी पंचाईत गोड्या पाण्याची. खारं पाणी काढून आतून-बाहेरून गोड्या पाण्यानं धुतल्याशिवाय हे सगळं व्यर्थ. पण वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस झेलणाऱ्या या किनाऱ्यावर मेमध्ये वाड्यावस्त्यांना टँकर लागतो. प्यायचं पाणी इंजिनावर ओता, हे कुणाला सांगणार? दोन बालद्यांवर भागवलं जातं. त्यात सगळ्यांच्या नौका एकाच आठवड्यात वर येतात आणि मेस्त्री मोजकेच.

पूर्वी नौका झापांनी शाकारत, फटींतून वारा खेळे. आता निळी ताडपत्री गच्च बांधतात. पाऊस बाहेर राहतो, पण आतली ओलही आतच कोंडते आणि फायबरच्या छताला धरलेलं पाणी अल्टरनेटरवर ठिबकतं. दोन्ही टोकांना हातभर फट ठेवा, असं मेस्त्री दर वर्षी बजावतात. मालक हो म्हणतात आणि पहिला वादळी पाऊस आला की जाऊन दोरी आवळून येतात.