भूकंपात लाकडी घर कशामुळे तगतं? जुन्या माळवदाच्या घरात राहणाऱ्यांनी हे बघाच

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात हजारो माणसं दगड-मातीच्या जाड भिंती अन् माळवदाखाली दबून गेली. पण काही घरांत भिंती ढासळूनही लाकडी खांबांवरचं माळवद उभं राहिलं. कारण छताचा भार भिंतीवर नव्हता, खांबांवर होता.

मग नुसते खांब पुरतात का? नाही. भूकंप घराला आडवा हिसका देतो. अशा वेळी चौकट ढिल्या बाजेसारखी एका अंगाला कलते. कोपऱ्यातून कोपऱ्यात तिरकी पट्टी ठोकली की त्रिकोण होतो, अन् त्रिकोण कलत नाही. काश्मीरमधली 'धज्जी दिवारी' घरं अशाच चौकटीची असतात. २००५ च्या भूकंपात त्यातली बरीच तगली.

दुसरी गोष्ट सांध्याची. खांब पायाला अन् तुळई खांबाला लोखंडी पट्टी-बोल्टने पक्की हवी. नुसती टेकवलेली तुळई हिसक्यात निसटते.

तिसरी गोष्ट वजनाची. छत जड तेवढा हिसका मोठा. म्हणून गळती थांबवायला माळवदावर दरवर्षी नवी माती चढवू नका, आधी जुना थर काढा. खांबांना वाळवी लागली का, तेही बुडाशी टोकरून बघा.