कर्मचारी कुणाचे?
महाराष्ट्रात राज्य सरकारचे कर्मचारी मोठ्या संख्येने स्थानिक संस्थांकडे गेले ते 1962 मध्ये. वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींवरून 1961 चा जिल्हा परिषद व पंचायत समिती कायदा झाला आणि 1 मे 1962 रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या. प्राथमिक शिक्षण, आरोग्य, ग्रामीण रस्ते ही कामे त्यांच्याकडे आली आणि ती करणारी माणसेही. जुन्या जिल्हा लोकल बोर्डांचे कर्मचारीही त्यांतच सामावले गेले. महसूल मात्र सरकारने स्वतःकडेच ठेवला.

ही वाटणी आंबेगाव तालुक्यातल्या अवसरी खुर्दमध्ये आजही दिसते. ग्रामसेवक आणि प्राथमिक शिक्षक जिल्हा परिषदेचे, पण सातबारा सांभाळणारा तलाठी राज्य सरकारचा. पहिल्या दोघांचे वरिष्ठ घोडेगावच्या पंचायत समितीत, तलाठ्याचा तहसील कचेरीत. गावातल्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयाचे प्राध्यापकही राज्याचेच नोकर.

खरी गोम वरच्या पदांत आहे. जिल्हा परिषदेचे मुख्य कार्यकारी अधिकारी भारतीय प्रशासन सेवेतले आणि गटविकास अधिकारी राज्य सेवेतले. दोघांच्याही बदल्या मुंबईहून होतात. निवडून आलेल्या अध्यक्षाने ठराव करायचा, तो राबवणाऱ्याचे भवितव्य मात्र मंत्रालयात ठरायचे. शिक्षकांचे पगारही मुख्यतः राज्याच्याच अनुदानातून होतात. 73 व्या घटनादुरुस्तीने पंचायतींना घटनात्मक दर्जा दिला. अकराव्या अनुसूचीत 29 विषय आले, पण मनुष्यबळ किती द्यायचे हे राज्यांवरच राहिले.

हाच पेच शेजारच्या नेपाळमध्येही दिसतो. नेपाळने 2015 च्या संविधानानंतर आपले सरकारी कर्मचारी संघ सरकार, 7 प्रदेश आणि 753 स्थानिक सरकारे यांच्यात विभागले. तिथेही स्थानिक पालिकांचे मुख्य प्रशासकीय अधिकारी संघ सरकारच पाठवते.