घराने काढलेले स्वतःचे चित्र

इटलीतील कोमो सरोवराच्या काठी १८३३ सालच्या ऑक्टोबर महिन्यात एक तेहतीस वर्षांचा इंग्रज गृहस्थ हाती पेन्सिल घेऊन खिन्न मनाने बसला होता. समोर निळे पाणी आणि त्यात पाय बुडवून उभे असलेले डोंगर. कागदावर मात्र काही वेड्यावाकड्या रेघा! या गृहस्थाचे नाव विल्यम हेन्री फॉक्स टॉल्बट. तो गणितात निष्णात होता, इंग्लंडच्या पार्लमेंटचा सभासद होता, अनेक भाषा जाणत होता. पण चित्र काही त्याच्या हाताला साधत नव्हते. सोबत असलेली त्याची पत्नी कॉन्स्टन्स हिला चित्रकला चांगली अवगत होती, त्यामुळे आपला कागद तिच्या कागदाशेजारी ठेवणे त्याला अधिकच अवघड वाटले असेल.

त्याने काचेचा लोलक बसवलेले एक उपकरणही वापरून पाहिले. या लोलकातून खाली पाहिले, की समोरचा देखावा कागदावर पडल्यासारखा भासतो. त्या देखाव्यावरून पेन्सिल फिरवावी, एवढेच काम उरते. परंतु लोलकावरून डोळा काढताच टॉल्बटला दिसे ती केवळ रेघोट्यांची जाळी. उपकरण कितीही चांगले असले तरी पेन्सिल धरणारा हात त्याचाच होता.

तेव्हा त्याला काळोख्या पेटीची आठवण झाली. दुपारच्या वेळी दारे-खिडक्या लावून घेतलेल्या खोलीत एखाद्या बारीक भोकातून उजेड आला, तर समोरच्या भिंतीवर रस्त्याने जाणाऱ्या माणसांची उलटी चित्रे सरकताना दिसतात. अशाच रीतीने पेटीच्या एका बाजूस भिंग बसवले, की समोरचा देखावा तिच्या आतल्या कागदावर उमटतो. हे चित्र कोणी काढत नाही. प्रकाशच ते काढतो. मग प्रकाशानेच काढलेले हे चित्र कागदावर कायमचे का राहू नये? टॉल्बटने हा विचार मनाशी धरला आणि तो आपल्या लेकॉक या गावच्या घरी परतला.

हे घर म्हणजे एक जुना मठ होता. तेथे १८३४ साली त्याने प्रयोगांना आरंभ केला. चांदीचे काही क्षार प्रकाशाने काळे पडतात, हे रसायनशास्त्रज्ञांना पूर्वीपासून ठाऊक होते. टॉल्बटने लिहिण्याचा चांगला कागद घेतला, तो मिठाच्या पाण्यात बुडवून वाळवला आणि त्यावर सिल्व्हर नायट्रेटचा हात दिला. या दोहोंच्या संयोगाने कागदाच्या तंतूंत सिल्व्हर क्लोराइड तयार झाले. अशा कागदावर झाडाचे एखादे पान किंवा लेसचा तुकडा ठेवायचा, वर काच दाबायची आणि सारे उन्हात ठेवायचे. उघडा भाग काळवंडे व झाकलेला पांढरा राही. पान उचलले, की त्याच्या शिरांसकट पांढरी आकृती मागे दिसे.

कागद कधी लवकर काळा पडे, तर कधी तास गेला तरी फिकाच राही. असे का व्हावे? टॉल्बटने बारकाईने पाहिले, तेव्हा ज्या कडांपर्यंत रसायनाचा कुंचला नीट पोहोचला नव्हता, त्याच कडा सर्वांत आधी काळ्या पडत होत्या. दुसरा एखादा माणूस आपल्या हातून कागद नीट माखला गेला नाही, एवढेच म्हणाला असता. टॉल्बटने मात्र ताडले, की कागदावरील मीठ आणि चांदी यांचे प्रमाण बदलले म्हणून असे होते. मीठ कमी असेल तर कागद चपळ होतो, आणि मीठ फार झाले तर तो मंद होतो. या एका निरीक्षणातून त्याची दोन कामे झाली. चित्र काढण्यापूर्वी कागदाला मीठ थोडे द्यायचे. आणि चित्र उमटल्यावर तेच मीठ भरपूर देऊन कागदाला पुढे काळे पडण्यापासून आवरायचे.

१८३५ च्या उन्हाळ्यात त्याने लहान लहान लाकडी पेट्या करवून घेतल्या. पेटी लहान कशासाठी? भिंग जवळ असले, की प्रकाश थोड्या जागेत एकवटतो आणि मंद कागदावरही लवकर परिणाम होतो. या पेट्या तो घराभोवती मांडून ठेवी आणि अर्ध्या तासाने गोळा करून आणी. प्रत्येक पेटीत घराच्या एकेका भागाचे इवलेसे चित्र तयार झालेले असे. घरात जिकडेतिकडे पडलेल्या या पेट्यांना कॉन्स्टन्सने ‘उंदरांचे सापळे’ असे नाव दिले होते, आणि त्याच वर्षीच्या एका पत्रात तिने नवऱ्याला ते सापळे प्रवासात बरोबर नेणार का, असे विचारलेही होते. टॉल्बटला मात्र या सापळ्यांचा अभिमान होता. स्वतःचे चित्र स्वतःच काढणारे जगातील पहिले घर आपले, असे तो पुढे म्हणत असे.

ऑगस्ट १८३५ मध्ये यांपैकी एका सापळ्यात घरातील जाळीदार खिडकी सापडली. चित्र टपालाच्या तिकिटाएवढे. पण खिडकीतील सुमारे दोनशे काचा भिंगाने मोजता येतात, अशी नोंद टॉल्बटने त्याच्याजवळ करून ठेवली. हे चित्र उलटे होते: उजेडाच्या काचा काळ्या आणि काळोखी चौकट पांढरी. परंतु हा दोष नसून गुण आहे, हे त्याच्या ध्यानात त्याच वर्षी आले होते. असे उलटे चित्र दुसऱ्या चपळ कागदावर ठेवून उन्हात धरले, तर काळ्याचे पांढरे आणि पांढऱ्याचे काळे होऊन सुलटे चित्र मिळते. आणि एका उलट्या चित्रावरून हवी तितकी सुलटी चित्रे काढता येतात.

एवढे हाती आल्यावर माणसाने ते जगाला सांगू नये काय? टॉल्बटने सांगितले नाही. गणित, प्रकाशशास्त्र आणि प्राचीन भाषा अशा त्याच्या अनेक आवडी होत्या. असीरियातील बाणाकृती लिपी वाचणाऱ्या पहिल्या काही विद्वानांत त्याची गणना पुढे झाली. चित्रांचे काम त्याने बाजूला ठेवले आणि जवळजवळ तीन वर्षे तसेच जाऊ दिली. जानेवारी १८३९ मध्ये पॅरिसहून बातमी आली, की दागेर नावाच्या फ्रेंच चित्रकाराने प्रकाशाने चित्र काढण्याची कृती शोधली आहे. टॉल्बटच्या मनाची स्थिती काय झाली असेल! त्याने घाईघाईने आपले जुने कागद गोळा केले, त्याच महिन्यात ते लंडनमध्ये विद्वानांना दाखवले आणि रॉयल सोसायटीपुढे निबंध वाचला. पण पहिलेपणाचा मान तोवर दागेरच्या पदरात पडला होता. दागेरचे चित्र चांदीच्या पत्र्यावर उमटे, त्याच्या रेषा अत्यंत सूक्ष्म असत. मात्र त्याची दुसरी प्रत निघत नसे. टॉल्बटच्या बाजूने उरली ती एवढीच गोष्ट, आणि पुढची सुमारे दीडशे वर्षे फिल्मवरील छायाचित्रण तिच्याच आधारे चालले.

या सुमारास जॉन हर्शेल या शास्त्रज्ञाने चित्र टिकवण्यासाठी मिठाऐवजी हायपो नावाचे रसायन सुचवले. तरीही कागद मंदच होता. सप्टेंबर १८४० मध्ये टॉल्बट निरनिराळ्या रसायनांनी माखलेले कागद पेटीत थोडा वेळ ठेवून त्यांची परीक्षा घेत होता. एक कागद त्याने मेणबत्तीच्या उजेडात पाहिला, त्यावर काहीच दिसेना. तो त्याने अंधाऱ्या खोलीत टेबलावर टाकला आणि तो निघून गेला. काही वेळाने परत येऊन पाहतो, तो कागदावर स्पष्ट चित्र! प्रकाशाने आपले काम क्षणभरातच केले होते. ते डोळ्यांना दिसत नव्हते इतकेच, आणि कागदावरील रसायनाने ते अंधारात हळूहळू बाहेर काढले. यापुढे तासाचे काम मिनिटांवर आले आणि माणसांची चित्रे काढता येऊ लागली. त्यापूर्वी माणसे, मुले आणि कुत्री हलत असल्यामुळे टॉल्बटला उपयोगाची नव्हती. पाने, खिडक्या आणि कपबश्या तेवढ्या निमूटपणे बसत.

या निमूट वस्तूंचा नाद त्याला पुढेही सुटला नाही. त्याने फळ्यांवर चिनी मातीची भांडी मांडली आणि त्यांचे चित्र घेतले. चोराने ही भांडी पळवली, तर न्यायालयात हे मुके चित्र साक्ष देईल, ही कल्पना त्याला तेव्हाच सुचली होती. ग्रंथालयात उजेड पुरेना, म्हणून पुस्तके उन्हात मांडून त्यांचे चित्र घेतले. शिडी टेकवलेली गवताची गंजीही त्याने घेतली, कारण तिच्यातील एकेक काडी काढण्याची चिकाटी कोणत्याही चित्रकाराला असणार नाही. एका अर्धवट उघड्या दाराला काटक्यांचा खराटा टेकवून त्याने अनेकदा चित्रे घेतली. खराट्याच्या दांड्याची सावली दारावर तिरपी पडावी, म्हणून तो ऊन पाहून पुन्हा पुन्हा प्रयत्न करी. त्याच्या आईने यांपैकी एका चित्राचे नाव ‘खराट्याचे स्वगत’ ठेवले. अशी चोवीस चित्रे ‘निसर्गाची पेन्सिल’ या अर्थाच्या नावाने १८४४ ते १८४६ या काळात सहा भागांत प्रसिद्ध झाली. प्रत्येक प्रतीत खरी छायाचित्रे हाताने चिकटवलेली होती.

टॉल्बटने १८४१ मध्ये आपल्या कृतीचे पेटंट घेतले. त्यामुळे इंग्लंडात ही कला पसरण्यास अडथळा आला, असा आरोप त्याच्यावर झाला आणि तो अगदीच निराधार नव्हता. १८५२ मध्ये त्याने आपले बरेचसे हक्क सोडून दिले.

लेकॉकची ती खिडकी आजही जागेवर आहे. तिचे १८३५ मधील इवलेसे चित्र मात्र जपून ठेवलेले असूनही फिके पडत गेले. टॉल्बटने एके काळी मोजलेल्या त्या दोनशे काचा मोजायच्या, तर आता खुद्द खिडकीपाशीच उभे राहावे लागते.